आपण थोडीच खातो

“हे अँटिबायोटिक यांनी आधी खूप घेतलंय का?” कुंभकोणमच्या डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं. अप्पांचा पाय सुजून काळानिळा पडला होता आणि जंतू त्या इंजेक्शनांना भीक घालत नव्हते.

कीर्तीनं धाकट्या भावाकडे, जयकुमारकडे रोखून पाहिलं. डॉक्टर समोर नसते तर तिनं त्याची गचांडीच धरली असती.

पोंगलच्या सणाला ती त्याच्या कोळंबीच्या तळ्यावर गेली होती. तो खाद्यात हेच औषध कालवत होता, तेही आजार नसताना.

“अरे, कोळंबीच्या रक्तातच जंतू मारणारी द्रव्यं असतात. मी कॉलेजात दुसरं काय शिकवते? पाणी स्वच्छ ठेव, दाटी कमी कर. तिची ती लढते.”

“तुझं शास्त्र कॉलेजात ठेव, अक्का.”

“आणि खाणाऱ्यांचं काय?”

तो हसला. “आपण थोडीच खातो? आपल्या घरात कोळंबीचा वाससुद्धा येत नाही.”

त्याच कोळंबीचा काटा परवा तळ्यात उतरलेल्या अप्पांच्या पायात घुसला होता.

“सांगा ना,” डॉक्टर म्हणाले.

“छे हो,” जयकुमार घाईनं म्हणाला. “अप्पा डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाहीत.”

“अप्पांनी नाही घेतलं, डॉक्टर,” कीर्ती भावावरची नजर न हलवता म्हणाली. “ह्याच्या कोळंबीनं घेतलंय. पोत्यापोत्यानं.”