काकीचा आवाज

विलासला कुणाला विचारायची म्हणून रीत नाही. ऐन हळदीच्या सकाळी त्यानं घरातली रेकॉर्ड केलेली सगळी गाणी जुन्या यंत्रातून नव्यात नेली आणि जुनं पुसून टाकलं. नातीची हळद दळायला जात्याचा खुंटा धरला आणि यंत्र गाऊ लागलं, तेव्हा कुठं हौसाक्कांना ते कळलं.

गाणं कोंडाबाईचंच, त्यांच्या वारलेल्या धाकट्या जावेचं. आवाज मात्र भलत्याच कुणा गोड बाईचा.

"आई, नव्याला जुनी फाइल उघडता येत नाही. जुनं वाजताना ते एकदा ऐकतं आणि स्वतःच्या आवाजात गातं," विलास म्हणाला. "आता सुरात तरी झालं. काकी कुठं सुरात होती?"

"आणि मधेच खोकायची, मला 'जोरानं ओढा की अक्का' म्हणायची, ते कुठाय?"

"तो कचरा म्हणून गाळला त्यानं."

हौसाक्का उठल्या. पिवळ्या हातानंच त्यांनी यंत्र बंद केलं.

"मी तापानं पडले तेव्हा तुला दूध पाजलं रे तिनं. तिचं बोलणं कचरा? मग ऐक. मी गेल्यावर माझा एक शब्दसुद्धा या डबड्यात घालायचा नाही. तुला आईही धुऊनपुसूनच लागंल."