शंभरातले पंचाण्णव

"मॅडम, समितीनं विचारलं तं कायम म्हना," प्राचार्य हिंमतराव प्रयोगशाळेच्या दाराशीच कुजबुजले. "जुलैची ऑर्डर माह्याच टेबलावर हाये. ध्यानात ठेवा."

अनुपमाच्या पदराला सकाळीच एक बिल्ला लावून दिला होता: सहायक प्राध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र, पूर्णवेळ. अकरा वर्षं ती या कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. दर मार्चअखेर तिला काढायचे, दर जुलैत परत घ्यायचे. आज एप्रिलची बारा तारीख. कागदोपत्री ती आज इथं नव्हतीच.

आत अंधारासाठी खिडक्यांना ताडपत्री ठोकली होती. उकाड्यानं जीव नकोसा झालेला. भिंतीशी सगळे शिक्षक ओळीनं उभे, अर्धेअधिक असेच नवे बिल्ले लावलेले. पुढे तपासणी समितीची तिघं. दोन पुरुष आणि एक चष्मेवाल्या बाई.

दिवे बंद झाले. अनुपमानं टेबलावरचा काचेचा चंबू उचलून हलवला आणि पाणी पेटलं. निळं. चांदणं जात्यात दळावं आणि पाण्यात कालवावं, तसं.

"अरे बापा!" भिंतीशी कोणीतरी म्हणालं.

"हे समुद्रातले जिवाणू," अनुपमा सांगू लागली. "माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, जातीतला एक बारका जीव असतो, अंगठ्याएवढा. हे त्याच्या पोटात राहतात. तो यांना घर देतो, खाऊ घालतो. हे त्याला उजेड देतात. रात्री वरून चांदणं पडलं की खालच्या माशाला त्याची सावली दिसेल, मासा त्याला गिळेल. म्हणून हे त्याच्या पोटाखाली चांदण्याइतकाच उजेड पाडतात. त्याची सावलीच पुसून टाकतात."

"वा!" बाई पुढे वाकल्या. "कुठून आणलेत?"

"रत्नागिरीहून, नळीभर. दर तीन-चार दिवसांनी ताज्या खाऱ्या खाद्यावर घ्यावे लागतात, नाहीतर विझतात. मागच्या उन्हाळ्यात जानेफळला माझ्या घरच्या फ्रीजात होते."

"घरी? का बरं?"

"फार कष्टाळू आहेत आमच्या मॅडम," हिंमतराव मध्येच म्हणाले. अंधारात त्यांचा आवाज पाकात बुडवल्यासारखा येत होता. "सहजीवन! आमच्या संस्थेचंही हेच आहे, साहेब. संस्था आम्हाला सांभाळते, आम्ही संस्थेला उजळवतो. एक कुटुंब म्हणा ना!"

भिंतीशी कोणाला तरी हसू फुटलं. त्यानं त्याचा खोकला केला.

चंबू स्थिर राहिला की उजेड मंदावतो. अनुपमा चंबू हलवत राहिली, उजेड मंदावला नाही.

"सर, एक राह्यलं सांगायचं."

"पुरे आता, मॅडम. साहेबांना वाचनालय बघायचं आहे."

"सांगू द्या त्यांना," बाई म्हणाल्या.

"रोज पहाटे तो यांना बाहेर फेकतो," अनुपमा म्हणाली. "शंभरातले पंचाण्णव. दिवसभर तो वाळूत दडून राहतो, उजेडाचं काम नसतं. मंग पोसायचं काऊन? पाच ठेवतो, बियाण्यापुरते. रात्रीपर्यंत त्या पाचाचे परत शंभर होतात."

ताडपत्री वाऱ्यानं फडफडली.

"आणि फेकलेले?" बाईंनी विचारलं.

"पाण्यात असतात, मॅडम. सुटेसुटे. सुट्याचा उजेड पडत नाही. दाटी झाल्याबिगर एकही पेटत नाही."

बाई चंबूजवळ आल्या. "तुम्ही इथं कधीपासून आहात?"

हिंमतराव खाकरले. ते खाकरणं अनुपमाला अकरा वर्षांपासून ओळखीचं होतं. ऑर्डरच्या कागदावर ठेवलेला हात होता तो.

तिनं एका हातानं पदराचा बिल्ला ओढला. पिन टेबलावर वाजली.

"अकरा वर्षांपासून. अन् आज मी इथं नाहीच, मॅडम. एकतीस मार्चले फेकलं मले. दरसाली फेकतेत, हंड्यातलं शिळं पाणी फेकावं तसं. उन्हाळाभर या जिवायले जित्तं कोनं ठेवलं? माही सासू माळकरी हाये. माशाच्या वासाची बाटली तिनं देवाच्या दुधाजवळ ठेवू देली. मले म्हने, जीव हाये, राहू दे. अन् हे म्हन्तेत कुटुंब! लेक उन्हाळ्यात घरी येत असते, सर. उन्हाळ्यात कोनी हाकलते का तिले?"

"मॅडम!" हिंमतरावांचा आवाज चिरकला. "लाइट लावा! लाइट लावा!"

दिवा लागायच्या आत भिंतीशी कोणीतरी पाऊल पुढे टाकलं. "मी इंद्रभान, इतिहास शिकवतो," त्यानं म्हटलं. "नऊ वर्षांपासून. मी बी आज नाही इथं, मॅडम."

"मी अश्विनी, भूगोल. सहा वर्षं."

"तेरा," आणखी मागून कोणीतरी.

"लाइट लाव ना बे!" हिंमतराव ओरडले.

बटणाशी शिपाई गोविंदा उभा होता. चौदा वर्षांपासून रोजंदारीवर. हीच खोली रोज उघडायची, रोज झाडायची, हेच बटण रोज दाबायचं.

"बटनच सापडून नाही राह्यलं, सर," तो म्हणाला.