बॅरिस्टरचं टेबल

"पान चौऱ्याऐंशी उघड," जयप्रकाशकाका म्हणाले आणि त्यांनी दिवाळी अंक मृदुलाच्या ताटाशेजारी ठेवला. "आपण सगळे आहोत त्यात."

सगळे म्हणजे हेगमधल्या कॉर्मॅक या आयरिश बॅरिस्टरचा गोतावळा. महिन्यातून एका रविवारी कॉर्मॅक दुपारी जेवायला माणसं जमवायचा. कोर्टातले एकदोन वकील, शेजारची मरायके आणि तिचा म्हातारा कुत्रा, रॉटरडॅमच्या बंदरातून निवृत्त झालेले जयप्रकाशकाका, आणि लायडनच्या प्रयोगशाळेत काम करणारी मृदुला. काका लेखक होते. घरी जाऊन ते इथल्या गप्पा रोजनिशीत उतरवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती रोजनिशी छापायला गेली होती, हे मृदुलाला आत्ता कळत होतं.

तिने वाचायला घेतलं. कॉर्मॅकचं नाव बदललेलं होतं. मरायकेचंही बदललेलं होतं. कुत्र्याचंसुद्धा! पुढे होतं:

'मृ. लायडनला असते. नवरा दोन वर्षांपूर्वी सोडून गेला, हे तिने मिरजेच्या वडिलांना अजून सांगितलेलं नाही. ते निवृत्त हेडमास्तर. दर दिवाळीला जावयासाठी झब्बा शिवून पाठवतात. ती तो घडी न मोडता कपाटात ठेवते. हे सांगताना ती हसली आणि टेबल गप्प झालं.'

लिहिलं होतं छान. त्याचाच तिला जास्त राग आला.

"काका, हे मी इथे का बोलले, माहीत आहे? इथे माझ्या बाबांना कुणी ओळखत नाही म्हणून."

"अगं, पण नाव कुठे घातलंय? नुसतं मृ."

मराठी कळत नसलं तरी अंकावर बोलणं चाललंय, एवढं कॉर्मॅकला समजलं. तो खुशीत होता. "ऑगस्टमध्ये यांनी मला सगळं इंग्रजी करून पाठवलं," तो मृदुलाला म्हणाला. "चार वाक्यं मी काढायला लावली. वकिलाची जात, काय करणार!"

"कुत्र्याचं नाव मी बदलायला लावलं," मरायके म्हणाली. "आमच्या गल्लीत सगळे ओळखतात त्याला."

मृदुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुत्र्यासाठीसुद्धा परवानगी घेतलीत," ती मराठीत म्हणाली. "मला का नाही विचारलंत?"

काका खरोखरच गोंधळले. हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता.

"तुला काय विचारायचं? तू तर आपलीच आहेस."

"म्हणजे परक्यांची अब्रू जपायची, आणि आपल्या माणसाची छापायची?"

"हळू बोल गं. बघतायत सगळे."

"बघू देत."

"आणि इथे मराठी वाचतंय कोण?"

"इथे नाही, मिरजेत वाचतात! बाबा दिवाळी अंक पहिल्या जाहिरातीपासून राशिभविष्यापर्यंत वाचून काढतात. हेही मी याच टेबलावर सांगितलं होतं. ते बरं लिहिलं नाहीत?"

काकांनी बटाट्याचं भांडं उगाच सरकवलं. मृदुलाला स्वतःचाही राग आला होता, दोन वर्षं तोंड न उघडल्याचा. पण त्याचं नंतर बघता आलं असतं. आता बाबांच्या हाती अंक पडायच्या आत त्यांना सांगायला हवं होतं. तिने तिथेच बसून फोन लावला.

"बाबा, एक सांगायचं होतं. दिवाळी अंक आला का हो?"

"परवाच आला." पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. "पान चौऱ्याऐंशी वाचलं."

तिने समोरचा अंक मिटला.

"मृदू, हे लेखक तुझ्या ओळखीचे?"

"समोरच बसलेत."

"दे त्यांना."

तिने स्पीकर लावला आणि फोन काकांच्या ताटासमोर ठेवला. वकील मंडळींनी काटे-चमचे खाली ठेवले.

"नमस्कार," बाबांचा आवाज वर्गात हजेरी घ्यावी तसा खणखणीत आला. "मुलीनं जे मला सांगितलं नाही, ते तुम्ही सगळ्या महाराष्ट्राला सांगितलंत. असो. लिहिता चांगलं. आता माझी एक अडचण सोडवा. यंदाचं कापड मी गणपतीतच घेऊन ठेवलं होतं. आत्ता शिंप्याच्या दुकानात उभा आहे. तो विचारतोय, माप जुनंच ना? काय सांगू त्याला?"

पलीकडे शिवणयंत्र खडखडत होतं.

"काय म्हणाले ते?" कॉर्मॅकने हलक्या आवाजात विचारलं. एरवी या टेबलावर एखादा मराठी शब्द पडला, की काका हौसेने त्याचं इंग्रजी करून सांगायचे. आज ते मांडीवरच्या नॅपकिनच्या घड्या घालत बसले.

"सांगा ना कॉर्मॅकला," मृदुला म्हणाली. "पण आधी बाबांची परवानगी घ्या. ते लाइनवरच आहेत."