घाटातला गिअर

एसटीचे निवृत्त ड्रायव्हर नानासाहेब मुलाची गिअरची सायकल घेऊन पहिल्यांदाच धाराशिवच्या सायकल ग्रुपबरोबर तुळजापूरला निघाले होते. घाट लागला आणि त्यांचे पाय भरून आले. बाकीचे कधीच पुढं गेले होते; ग्रुप चालवणारी श्रावस्ती तेवढी त्यांच्यासाठी मागं राहिली होती. “पोरी, तू हो पुढं. माझ्यानं न्हाय व्हायचं,” म्हणत ते उतरले आणि मागून आलेल्या एसटीला त्यांनी हात केला. गाडी थांबली. ओळखीच्या कंडक्टरनं दार उघडलं. “या नाना, सायकल टाकू टपावर.” नाना सायकल उचलणार तेवढ्यात श्रावस्तीनं विचारलं, “काका, घाटात एसटी कितव्या गिअरवर चढवायचा तुम्ही?” “दुसऱ्या. लई लोड असला तर पहिल्या.” “मग सायकल का टॉपला ठेवलीय?” नानांनी खाली पाहिलं. सपाटीवर टाकलेला गिअर त्यांनी बदललाच नव्हता. त्यांना हसू फुटलं. कंडक्टरला म्हणाले, “मार डबल बेल. मी येतो मागनं.” श्रावस्तीनं मागचं चाक उचलून धरलं आणि नानांनी पायडल फिरवत गिअर हलका केला. मग दोघं शेजारी शेजारी, गप्पा मारत चढले. वर सगळे चहासाठी त्यांची वाट पाहत थांबले होते. ग्लास हातात घेण्याआधी नानांनी घरी बायकोला, सरुबाईंना फोन लावला. “अगं, म्या घाट चढवला.” “त्यात काय नवं? जल्मभर चढवलाच की,” सरुबाई म्हणाल्या. “व्हय, पर आज इंजिन मीच व्हतो.”