धरलेले दिवस

"एकदा बंदच करावं लागेल," यंत्रवाल्या कंपनीचा प्रोग्रामर म्हणाला, तशी काचपेटीशेजारी बसलेल्या आईने झटकन पेटीवर हात ठेवला. जणू तो बाळच उचलून नेणार होता.

पेटीतलं बाळ जेमतेम वीतभर. त्याचा श्वास हे यंत्र चालवत होतं, आणि यंत्राची मेमरी भरत आली होती. पुरती भरली की ते आपणहून बंद पडणार; त्याआधीच बंद करून पुन्हा चालू केलं, तर ती रिकामी होणार. दुसरं आणावं म्हटलं, तर सगळी यंत्रं दुसऱ्या बाळांना लागलेली.

"परवा नळी बदलताना जरा काढलं, तर काळंनिळं पडलं होतं पोर," सिस्टर कडाडली. श्वास द्यायचा रबरी फुगा तिने हातात तयारच ठेवला होता. "आणि म्हणे बंद करा! कुणाच्या डोक्यातून निघालंय हे?"

प्रोग्रामरच्याच. तो सांगू लागला.

"यंत्र प्रत्येक श्वासाची नोंद ठेवतं. काम झालं की ती नोंद म्हणजे कचरा. बाकीचे प्रोग्राम तो मधूनमधून झाडून काढतात, पण झाडताना सगळं क्षणभर थांबतं. इथे थांबून कसं चालेल? म्हणून ठरवलं, झाडायचंच नाही. मेमरी भरपूर होती. एवढे दिवस कुणी..."

त्याने जीभ चावली.

"एवढे दिवस कुणी काय?" आईने विचारलं.

"यंत्रावर राहणार नाही, असं धरून चाललो. तोवर बाळ बरं होऊन घरी जातं. नाहीतर..."

मीटिंगमध्ये याच युक्तीवर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. आज त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आईने पेटीवरचा हात काढला. "करा."

सिस्टरने नळी फुग्याला जोडली. त्याने बटण दाबलं, पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. पण यंत्र लगेच कुठलं कामाला लागतंय! आधी स्वतःच्या तपासण्या. त्याही यानेच हौसेने घातलेल्या. सिस्टर फुगा दाबत होती, सोडत होती. बाळाचे ओठ जांभळे पडायला लागले.

"अहो, आटपा ना!"

तो काय आटपणार, कपाळ! "चल रे बाबा, चल," एवढंच तो पुटपुटत राहिला.

एकदाचं यंत्र सुरू झालं. सिस्टरने नळी परत लावली. इवलीशी छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. ओठांवर हळूहळू रंग चढला, तशी सिस्टर मटकन खुर्चीत बसली.

प्रोग्रामरने घाम पुसला. मेमरी पुन्हा रिकामी झाली होती. तो बॅग आवरू लागला.

"थांबा," आई म्हणाली. तिची नजर बाळावरून हलली नव्हती. "आता याचे किती दिवस धरलेत?"