बिनभात्याची पेटी

पहिला कीबोर्ड गोजराबाईंनी एकच पट्टी दाबून नापास केला.

"हा काय गो, बोट टेकलं न टेकलं तोच बोंबलतो! हाताला कायतरी लागाया नको?"

दुकानदार रामनाथनं दुसरा काढला. तोही तसलाच. हळू दाबा, जोरानं दाबा, आवाज आपला एकच.

"भजनात बुवा हळू गाया लागले का मी याचा गळा दाबू?"

सून मंजुळा हसली. बाईंना हसू आलं नाही. डावा खांदा आखडल्यापासून पेटीचा भाता त्यांना ओढवत नव्हता. मंजुळानं भाता मारून पाहिला होता. पण दुसऱ्याच्या दमावर सूर धरायचा म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवायचं. चिंचणीच्या भजनी मंडळात त्या आता कडेला बसून मान डोलवत. त्यांच्या जागी मंडळानं अजून कुणाला बसवलं नव्हतं, आणि तेच बाईंना सोसत नव्हतं.

कोपऱ्यात चादरीखाली एक लांबलचक धूड होतं.

"कॉलनीतल्या साहेबांची बदली झाली, त्यांच्या मुलीचा पियानो," रामनाथ म्हणाला. "चालतो विजेवरच, पण पट्ट्या खऱ्यासारख्या जड. जुना आहे म्हणून परवडेल. नवा तर मलाही झेपायचा नाही."

बाईंनी पट्टी दाबली. ती वजन घेऊन खाली गेली आणि बोटाला वर ढकलत परत आली. सूर उमटला, आणि विरायला लागला. तसा बाईंचा डावा हात आपसूक भाता मारायला उठला. खांद्यात कळ आली. हात अधांतरीच राहिला.

"मावशी, याला भाता नाही. जोर बोटातच."

त्यांनी पट्टी हळू दाबली, सूर कुजबुजला. जोरानं दाबली, कपाटाच्या काचा थरथरल्या. मग उजव्या हातानं त्यांनी गजराची चाल धरली ती सोडेचनात.

मंजुळा कानाशी वाकली. "आई, घेतला आन भजनात लाइट गेली तर?"

"तर टाळ्या वाजव."

वाजवता वाजवता बाई थबकल्या. डावा हात मांडीवर नुसताच पडून होता. उजव्यानं त्यांनी तो उचलला, आणि भिडस्त पाहुण्याला पंगतीत बसवावं तसा डावीकडच्या पट्ट्यांवर नेऊन ठेवला.

"चल रे," त्या त्याला म्हणाल्या, "आता तू पन शीक."