सतरा नंबरच्या पेशी

“सतरा नंबर आज टाकून दे, विबेके,” प्रेबेन म्हणाला आणि अंगातला कोट न काढताच स्टुलावर टेकला. डेन्मार्कमधल्या आर्हुस शहरातल्या या प्रयोगशाळेत त्याची अकरा वर्षं गेली होती. आता नव्यानं निराश व्हायचंही त्राण उरलं नव्हतं.

सतरा नंबर म्हणजे एका आजारी मुलीच्या कातडीच्या पेशी. मुलगी केव्हाच गेली, पेशी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढतच राहिल्या. पेशी जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते आणि वाचेल तसा प्रथिनाचा एकेक दुवा जोडत जाते. या मुलीच्या मजकुरात एकच अक्षर चुकलं होतं. त्या चुकीचा अर्थ होत होता ‘थांब’. पेशी निमूटपणे मध्येच थांबायची. अर्धवट प्रथिन कसल्याच कामाचं नव्हतं.

ती खोटी खूण ओलांडून पेशीनं पुढं वाचावं, असं औषध प्रेबेन शोधत होता. चाळीस रसायनं वापरून झाली होती. प्रथिन दर वेळी तिथंच तुटायचं.

विबेके सहा वर्षांपूर्वी मदतनीस म्हणून आली. सतरा नंबरची देखभाल तिनं मागून घेतली होती. नाताळातही ती येऊन पेशींना ताजं खाद्य घालून जायची. “अगं, पेशी आहेत त्या, मांजर नव्हे!” प्रेबेन चिडवायचा. ती कधी हसली नाही.

आत्ताही ती जागची हलली नाही. पेशींतली प्रथिनं लहान-मोठ्या आकारानुसार पट्ट्यांत उमटलेली एक फिल्म तिनं त्याच्यापुढं धरली. “आधी हे बघ. एक्केचाळिसावं.”

अर्धवट प्रथिनाच्या जाड पट्टीच्या बरंच वर, अख्ख्या प्रथिनाच्या जागी, एक फिकट रेघ होती. प्रेबेननं चष्मा पुसला. रेघ होतीच.

“पुन्हा करून बघायला हवं,” तो कसाबसा म्हणाला.

“तीनदा केलं.”

त्याला उठून ओरडावंसं वाटलं. त्यानं फिल्म पुन्हा दिव्यासमोर धरली. डोळे भरून आले.

“तिच्या घरच्यांना कळवायला हवं गं,” फिल्म खाली ठेवत तो म्हणाला. “पण कळवणार कुणाला? आपल्याला तर पोरीचं नावही सांगितलेलं नाही.”

“टिल्डे.”

“तुला कसं ठाऊक?”

विबेके खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती कामाच्या वेळात बसली होती.

“मीच ठेवलं होतं ते नाव.”